आमचं ठरलंय

ब्रिज खेळणारा माणूस हुशार असतो अशी एक समजूत आहे आणि ती ब्रिज खेळणाऱ्यांनीच पसरवलेली आहे. मी पुष्कळ वर्षं ब्रिज खेळले. समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांना मी मेंढीकोटलासुद्धा भिडू म्हणून घेतलं नसतं. हातात तेरा पत्ते पंख्यासारखे धरले आणि भुवया जवळ आणल्या की विचार करत असल्याचा भास होतो, एवढंच. आत विचार असतोच असं नाही. पालघरला तर नव्हताच.

साठीच्या दशकाची ती शेवटची वर्षं. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम जोरात चाललं होतं, बोईसरला परगावचे इंजिनिअर आणि कामगार येऊन उतरत होते, बाजारात हिंदी ऐकू यायला लागली होती. पालघर मात्र आपल्या तालुकेपणात मश्गूल होतं. एक कोर्ट, एक कचेरी, भाताच्या गिरण्या आणि गवताच्या गासड्या बांधून मुंबईला पाठवणारे शेठ. मी तिथल्या एका खाजगी शाळेत गणित शिकवत होते. वडील पोस्टात होते. ते गेल्यावर आई आणि मी दोघीच राहिलो होतो, आणि घर माझ्या नोकरीवर चालत होतं.

नोकरी म्हणजे तरी काय, दर उन्हाळ्यात सुटायची आणि दर जूनमध्ये कमिटीची मेहेरबानी झाली की पुन्हा लागायची. येत्या जूनमध्ये मला कायम करणार असं हेडमास्तरांनी सांगितलं होतं. शास्त्राच्या मास्तरांचं नि माझं, दोघांचं एकदमच व्हायचं होतं. आईने त्यासाठी सत्यनारायण बोलून ठेवला होता. रोज सकाळी मी शाळेत निघाले की ती विचारायची, "कायमचं काही बोलले का गं?" जशी काही हेडमास्तरांना दुसरी कामंच नव्हती.

शाळेच्या कमिटीवर एक वकील होते. दर रविवारी दुपारी त्यांच्या माडीवर ब्रिजचा डाव पडायचा. ब्रिज मला वडिलांनी शिकवला होता. हे कळल्यावर वकिलांनी मला बोलावलं, ते काही स्त्रीदाक्षिण्य म्हणून नव्हे. गावात ब्रिज येणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यात एकाची बदली झालेली. मग मी, वकील, एक डॉक्टर आणि आमच्या शाळेचे शास्त्राचे मास्तर अशी चौकडी जमली. वकील आणि डॉक्टर एका बाजूला, मास्तर आणि मी दुसऱ्या बाजूला.

वकिलांकडे ब्रिजवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. ते त्यांनी वाचलं होतं यात शंका नाही, कारण डाव चालू असताना ते त्यातली वाक्यं म्हणत. पण वाचलेलं आणि खेळलेलं यांची त्यांनी कधी गाठ घालून दिली नाही. गोष्ट अशी आहे की ब्रिजमध्ये एक जोडी बोली खेळते आणि दुसरी जोडी ती पाडायला बसते. पाडणाऱ्या दोघांना एकमेकांचे पत्ते दिसत नाहीत आणि बोलायची तर बंदीच. पण टाकलेलं पान बोलतं. भिडूने राजाची उतारी केली आणि मी त्यावर नश्शी टाकली, तर तिचा अर्थ, चालू दे, हाच रंग पुन्हा खेळ. दुर्री टाकली तर, पुरे, दुसरं काही बघ. उतारी कुठल्या पानाने करायची तेही आधी ठरवून ठेवतात. राजा-राणी-गुलाम असे ओळीने पत्ते असले तर वरचं, लांब रंग असला तर वरून चौथं. त्या चौथ्या पानावरून भिडूला पुष्कळ हिशोब मांडता येतो, फक्त वजाबाकी यायला हवी.

आणि हे सगळं उघड असतं. समोरच्या जोडीने विचारलं, की तुमचं काय ठरलंय, तर खरं सांगावं लागतं. डोळा मारणं, खोकणं, नाक खाजवणं ही लबाडी. पानातून सांगणं हा खेळ.

वकील डॉक्टरांशी सगळं ठरवत. डाव सुरू व्हायच्या आधी पाव तास ते डॉक्टरांना समजावत असत, की मोठं पान म्हणजे काय, छोटं म्हणजे काय. मग उतारी करून ते स्वतःच्या हाताकडे बघत बसत. डॉक्टर बिचारे अठ्ठी टाकत, नश्शी टाकत, एकदा तर त्यांनी जिवावर उदार होऊन गुलाम टाकला. वकिलांनी तो पाहिलासुद्धा नाही आणि भलताच रंग काढला. बोली समोरच्यांची झाली. मग वकिलांनी पत्ते टेबलावर मांडले आणि विचारलं, "डॉक्टर, तुम्ही मला काहीतरी कळवायला नको होतं का?" पालघरात खऱ्या मुडद्यांची चिरफाड डॉक्टर करत आणि ब्रिजच्या डावांची वकील. डॉक्टरांच्या हातून निदान मेल्याचं कारण तरी निघत असे.

मास्तरांचं तसं नव्हतं. ते सातपाटीचे, घरची होडी. भाऊ समुद्रावर जात आणि हे बी.एस्सी. होऊन शाळेत आलेले. वर्गात शुद्ध बोलत, शिक्षकांच्या खोलीत आले की घरचं बोलत. मधल्या सुट्टीत मी त्यांना खुणा समजावून देत होते तेव्हा ते हसायला लागले.

"बाई, यात लक्षात काय ठेवायचं? साहेब मोट्या पानाला हाय म्हंतो ना? मग हाय म्हंजे हाय. बारकं पान म्हंजे नाय."

मीही हसले. इंग्रजीतलं उंचपणाचं 'हाय' आणि सातपाटीतलं होकाराचं 'हाय' असं जुळवून टाकणारा माणूस मला आवडला. वकिलांच्या जाड पुस्तकाला ते सुचलं नसतं. पुढे आम्ही बरंच काही ठरवलं. उतारीला काय, रंग संपत आला तर काय, दुसऱ्याच रंगाचं पान टाकावं लागलं तर काय. ठरवणारी मी असे, ते मान डोलावत. पण ठरवलेलं ते पाळत, आणि माझं पान पडलं की आधी त्या पानाकडे बघत. हे लिहिताना साधं वाटतं. समोरचा माणूस आपण काय म्हणतोय ते बघतोय, याची सवय त्या काळी बिनलग्नाच्या मास्तरणीला नव्हती. त्यात प्रेमबीम काही नव्हतं, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याची जीभ वळवळायला नको. मला त्या खेळाचा आनंद व्हायचा आणि तो आनंद मला पुरेसा होता.

मार्चमध्ये बोईसरच्या कॉलनीतल्या अधिकाऱ्यांनी आम्हाला सामन्याला बोलावलं. डॉक्टरांच्या गाडीतून आम्ही चौघं गेलो. कॉलनी नवी होती, झाडं हातभर उंचीची, आणि क्लबातल्या खुर्च्यांना अजून नव्या वेताचा वास येत होता. दोन टेबलं मांडली होती. एकावर वकील आणि डॉक्टर, दुसऱ्यावर मास्तर आणि मी. आमच्यासमोर वीजकेंद्राच्या कोठाराचे साहेब आणि त्यांचा एक हाताखालचा. साहेबांची बायको त्यांच्या मागे खुर्ची टाकून स्वेटर विणत बसली होती. तिला पत्त्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं, हे तिने आल्याआल्या अभिमानाने सांगितलं. काही बायकांना काय काय येत नाही याचाच अभिमान असतो, आणि त्यांची यादी भलती लांब असते.

साहेबांची चार इस्पिकची बोली होती, म्हणजे हुकूम इस्पिक आणि तेरापैकी दहा हात त्यांनी करायचे. मास्तरांनी चौकटचा राजा काढला. माझ्याकडे चौकटची दोनच पानं, नश्शी आणि तिर्री. मी नश्शी टाकली. साहेब जुने आणि सभ्य खेळाडू होते. त्यांनी रीतीप्रमाणे मास्तरांना विचारलं, "मास्तर, बाईंनी नश्शी टाकली. तुमचं दोघांचं काय ठरलंय?"

तेवढ्यात वकील आमच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले होते. त्यांच्या टेबलावर ते डमी झाले होते, म्हणजे पत्ते मांडून दिल्यावर त्या डावात त्यांना काही काम नव्हतं. वकील सर्वांत चांगले खेळत ते डमी असताना.

मास्तर म्हणाले, "आमचं सगळं ठरलं हाय साहेब, पयल्यापासनं. मोटं टाकलं म्हंजे बाईंना हवं हाय. बारकं टाकलं म्हंजे नको."

मी म्हणाले, "आमच्यात लपवाछपवी नाही. कोणीही विचारावं."

साहेबांनी मान हलवली, वकिलांनीही हलवली. मास्तरांनी चौकटचा एक्का काढला, मी तिर्री टाकली, त्यांनी पुन्हा चौकट खेळली आणि मी ती हुकमाने मारली. शेवटी मास्तरांचा बदामचा एक्का होताच. बोली पडली. साहेब मनापासून म्हणाले, "वा! पालघरची खरी जोडी ही." विणणाऱ्या बाईंच्या सुया थांबल्या होत्या, हे मला तेव्हा दिसलं होतं. मला वाटलं, टाका निसटला असेल.

सामना आम्ही जिंकलो, म्हणजे मास्तर आणि मी. आम्ही मिळवत होतो आणि दुसऱ्या टेबलावर वकील उदार हस्ते वाटत होते. तरी थोडं उरलं.  परतताना उमरोळीपाशी वकील म्हणाले, "नशिबाचा भागही असतो म्हणा खेळात." त्यांना स्वतःच्या नशिबाबद्दल बोलायचं असेल असं समजून मी हो म्हटलं.

आठवडा उलटायच्या आत माझं लग्न ठरलं. मला सोडून सगळ्यांना ते कळलं होतं. साहेबांच्या बायकोने शेजारच्या बंगलीत सांगितलं, तिथून ते बेटेगावहून दूध घालायला येणाऱ्याला कळलं, त्याच्याकडून बोईसरच्या बाजारात, आणि बाजारातून ते गाडीत बसून पालघरला आलं. येताना वाढत आलं. गणिताच्या बाईंचं सातपाटीच्या मास्तरांशी ठरलंय. पहिल्यापासूनच ठरलेलं होतं. दोघांनी साहेबांसमोर कबूल केलं, लपवत नाही म्हणाले. बाईंनाच हवंय म्हणे, मास्तरांच्या तोंडूनच ऐकलं. यातला एक शब्द खोटा नव्हता. म्हणून तर तो खोडायचा कसा ते मला समजेना.

आमच्या घरात मासे शिजत नसत आणि मास्तरांच्या घरात दुसरं काही शिजत नसे. गावाला याचंच सगळ्यात जास्त सुख झालं. ज्या बायकांनी मला कधी हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं त्या आता मुद्दाम थांबून आईची प्रकृती विचारू लागल्या. वर्गात फळ्यावर कोणीतरी बोंबलाचं चित्र काढलं. शिक्षकांच्या खोलीत मी शिरले की बोलणी थांबायची आणि सगळे एकदम वह्या तपासायला लागायचे. एरवी महिनोन् महिने त्या वह्या तशाच पडून असत.

तोंडावर विचारणारी एकच भेटली. सातपाटीच्या बायका सकाळी पालघरच्या बाजारात मासळीच्या पाट्या घेऊन बसत. मी कडेने भाजीकडे जात होते तर त्यातल्या एकीने हाक मारली, "काय गो बाय, आमच्या गावची सून होतेस म्हंतात?"

मी म्हटलं, "नाही हो. पत्त्यांच्या खेळातलं बोलणं होतं. लोकांनी भलतंच ऐकलं."

तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नाय तर नाय," ती म्हणाली, "कालवण रांधायला शिकवायचा माजा तरास वाचला." आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. तिच्यापुरती ती गोष्ट तिथे संपली. शिकलेल्या लोकांना हे जमलं नाही.

आईने मात्र दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मला तरी आधी सांगायचंस." मी तिला वडिलांची शपथ घेऊन सगळं समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग कायमचं काय होणार?" वडिलांच्या चौकडीला वर्षानुवर्षं चहा देणारी बाई ती, तिला माझं खरं वाटलं होतं. पण प्रश्न तिचाच बरोबर होता.

एप्रिलमध्ये कमिटी बसली आणि आम्हा दोघांना बोलावणं आलं. अध्यक्ष होते एक गवताचे शेठ, मासवणच्या बाजूला त्यांची बरीच जमीन. माणूस दुष्ट नव्हता. दुष्ट व्हायलाही थोडी कल्पनाशक्ती लागते. त्यांच्या एका हाताला हेडमास्तर, दुसऱ्या हाताला वकील. मास्तरांना बाहेर बसवलं होतं. वकिलांना पाहून मला धीर आला होता, हे आज लिहितानाही माझा मला राग येतो.

शेठ म्हणाले, "बाई, तुमी मास्तरांना खुणा करता म्हंतात. खरं हाय का?"

"करते," मी म्हणाले.

 शेठना एवढ्या चटकन कबुली मिळेल असं वाटलं नसावं. त्यांनी पगडी सरकवली. "कशाने करता?"

"पानाने."

"म्हंजे पान देता मास्तरांना? विड्याचं?"

"विड्याचं नाही शेठ, पत्त्याचं," हेडमास्तर घाईने म्हणाले. त्या संबंध बैठकीत त्यांनी माझ्यासाठी उच्चारलेलं एवढंच एक वाक्य.

मग मी सांगितलं. मोठं पान, छोटं पान, उतारी, सगळं. आठवीच्या वर्गाला अपूर्णांक शिकवावेत इतकं सोपं करून सांगितलं. शेठ मेंढीकोट खेळणारे. मेंढीकोटात खूण म्हणजे डोळा मारणं नाहीतर पायावर पाय देणं, तिसरी खूण त्यांच्या ऐकिवात नव्हती. ते ऐकत होते आणि माझ्या पायांकडे बघत होते. शेवटी ते वकिलांकडे वळले. "वकीलसाहेब, तुमी तितं होतात. ह्या दोघांनी आमचं ठरलंय असं सांगितलं, हे बरोबर?"

मी वकिलांकडे पाहिलं. त्यांना सगळं माहीत होतं. ते टेबलाशी उभे होते, त्यांनी मान हलवली होती. त्यांच्या स्वतःच्या माडीवर दर रविवारी हाच प्रश्न दहा वेळा विचारला जायचा आणि दहा वेळा त्याचं उत्तर दिलं जायचं. पण शाळेच्या बाईंना घेऊन आपण आपल्या घरी पत्ते खेळतो, हे त्यांना त्या खोलीत सांगायचं नव्हतं. आणि बोईसरला साहेबांनी जोडी म्हणून ज्यांचं नाव घेतलं त्यात ते नव्हते, हेही ते विसरले नव्हते.

वकिलांनी चष्मा काढून पुसला. "शब्द तेच होते," ते म्हणाले. "अर्थाबद्दल मी काही सांगू शकणार नाही."

"ब्रिजमध्ये त्याचा अर्थ काय होतो ते सांगा," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

"ब्रिजमध्ये अनेक अर्थ होतात, बाई."

एवढं बोलून ते खिडकीबाहेर बघू लागले. मला आयुष्यात बऱ्याच लोकांचा राग आला आहे. किळस फार थोड्यांची आली. त्या दुपारी तो चष्मा पुसणारा हात बघून मला किळस आली, आणि अजून कोणी तसा चष्मा पुसायला लागलं की येते.

मग मास्तरांना आत बोलावलं. त्यांची आई वाढवणला त्यांच्यासाठी एक मुलगी बघून आली होती आणि या बातमीने मुलीकडचे अडून बसले होते. हे मला माहीत होतं. तरी मला वाटलं, हा माणूस माझं पान बघतो.

शेठनी विचारलं, "मास्तर, तुमचं ह्या बाईंशी काय ठरलं होतं?"

मास्तर शुद्ध बोलू लागले, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. ते म्हणाले, "जे काही ठरवलं ते बाईंनी ठरवलं. मी फक्त मान डोलावली."

यातलाही एक शब्द खोटा नव्हता. शेठनी सुस्कारा सोडला. पुरुषमाणूस सुटला होता. मी मास्तरांकडे बघत राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आधी जमिनीकडे आणि मग वकिलांकडे पाहिलं. वकिलांच्या वागण्याने मला चीड आली होती, पण ती मी सोसू शकत होते, त्यांच्याकडून फार काही अपेक्षा नव्हती. मास्तरांचं ते वाक्य मात्र मला सोसवलं नाही. ते म्हणाले असते, पत्त्यांचं ठरलं होतं, तरी पुरलं असतं.

निकाल हेडमास्तरांनी दुसऱ्या दिवशी सांगितला. मास्तरांना जूनपासून कायम केलं. माझं तूर्त पुढे ढकललं. शिवाय मी पुरुषांबरोबर पत्ते खेळू नयेत अशी कमिटीची इच्छा होती. मास्तरांनी कोणाबरोबर काय खेळावं याबद्दल कमिटीला काही इच्छा नव्हती. आईला सांगितलं तेव्हा तिने सत्यनारायणासाठी आणून ठेवलेला रवा डब्यातून काढला आणि संध्याकाळी त्याचा उपमा केला. 

जूनमध्ये मी पुन्हा तशीच, एका वर्षाच्या बोलीवर शाळेत गेले. दुसरीकडे लगेच काही मिळत नव्हतं आणि आईला घेऊन मी कुठे जाणार होते? मास्तरांचं वाढवणला जमलं. लग्नाचे पेढे वाटत ते शिक्षकांच्या खोलीत माझ्यापाशी आले आणि हळूच म्हणाले, "बाई, माजा नाइलाज होता." घरच्या बोलीत म्हणाले. मी म्हटलं, मला मधुमेह आहे. तो मला तेव्हा नव्हता.

वकिलांच्या माडीवर आता मास्तर आणि बाहेरून धरून आणलेला एखादा कारकून बसत असे, असं कानावर यायचं. हरत होते, हेही यायचं. भादव्यात एका संध्याकाळी वकील स्वतः आमच्या खोलीवर आले. आई गडबडली. कमिटीचा माणूस घरी आला म्हणजे कायमचंच काहीतरी असणार, असं तिला वाटलं आणि ती चहा ठेवायला आत पळाली.

वकील खुर्चीत बसले, कॅलेंडरकडे पाहिलं, पावसाबद्दल बोलले. मग म्हणाले, "बाई, येत्या रविवारी बोईसरची मंडळी आपल्याकडे येतायत. मोठे साहेबही येणार आहेत. तुम्ही यायला हवं."

"मला खेळायला मनाई आहे," मी म्हणाले. "तुमच्या कमिटीची."

"अहो, कमिटीचं काय घेऊन बसलात!" ते हसले. "शेठ माझ्या शब्दाबाहेर नाहीत. मी एक शब्द टाकला की मनाई गेली. आणि तुमच्या कायमचंही त्याच बैठकीत करून टाकू. त्यात काय आहे?"

आई चहाचा कप घेऊन आली. तिने हे ऐकलं होतं. तिचा चेहरा उजळला होता, आणि तो तसा बघणं मला फार जड गेलं. तिने कप वकिलांसमोर ठेवला.

मी विचारलं, "हा शब्द तुमच्याकडे एप्रिलमध्येही होता?"

"होता की."

"मग तेव्हा का नाही टाकलात?"

वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. ते चिडले नव्हते, ओशाळलेही नव्हते. त्यांना प्रश्नच समजला नव्हता. कपाकडे हात नेत ते म्हणाले, "तेव्हा गरज कुठे होती?"

त्यांचा हात पोचायच्या आत मी कप उचलला, मोरीपाशी गेले आणि चहा ओतून दिला. मग दार उघडून धरलं. ते उठले, चपला पायात घालायला त्यांना बराच वेळ लागला, आणि जिन्यावरून जाताना ते काहीतरी पुटपुटले ते मला ऐकू आलं नाही.

त्या शाळेत मी कायम झाले नाही. पुढच्या उन्हाळ्यात दूर एका गावी जागा मिळाली आणि आम्ही पालघर सोडलं. पण त्या संध्याकाळी हे काही माहीत नव्हतं. आई मोरीच्या तोंडाशी उभी होती. मला वाटलं ती आता रडेल, नाहीतर मला बोलेल. ती रिकाम्या कपाकडे बघत म्हणाली, "आलं घातलं होतं गं त्यात."

"मला माहीत आहे," मी म्हटलं. मग मी स्टोव्ह पेटवला आणि आम्हा दोघींसाठी पुन्हा चहा टाकला.